बदलून मिळेल

खाडीच्या टोकाला असलेल्या आमच्या गावात पुस्तक लिहिणाऱ्याचं कुणाला कौतुक नाही. सगळ्या आइसलंडमध्येच नाही. इथल्या न्हाव्याचा कवितासंग्रह आहे, पाद्रीणबाईंच्या रहस्यकथा आहेत, आणि माझ्या नवऱ्याच्या मावशीनं तर मेंढ्यांच्या आजारांवर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवलाय. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा माझा नवरा केतिल एवढंच म्हणाला, "बरं. जेवायला काय आहे?"

मी व्येदीस. गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसते. हिवाळ्यात सकाळचं गिऱ्हाईक म्हणजे बाहेरच्या गरम कुंडातली चार-पाच म्हातारी डोकी. गळ्यापर्यंत गरम पाणी, टकलावर बर्फ पडतंय, आणि यांची भांडणं जोरात. मी खिडकीत बसून लिहायची आणि कामाची पाळी संपली की कुंडात उतरून लिहिलेलं सांगायची. कागद काही पाण्यात नेता येत नाही, म्हणून सगळं तोंडी.

गोष्ट होती एका बोगद्याची. डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत आणायचा. अलीकडच्या तळावर एक स्वयंपाकीण, पलीकडच्या तळावर तिचा माणूस. बोगदा जुळला की यांची भेट.

कुंडातला सगळ्यात फटकळ माणूस हाल्मुंदुर. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर कप्तान होता, आता बोट नाही तर आमच्यावर हुकूम सोडतो. आमच्याकडे ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही अरेतुरेच करतात, त्यामुळे मीही ऐकून घ्यायची नाही.

"व्येदीस, ते प्रेम कमी कर आणि खडक वाढव," तो म्हणायचा. "बोगद्यात पाणी कुठून शिरलं तेच कळत नाही."

"तू अख्खा जन्म समुद्रावर काढलास. तुला बोगद्यातलं काय कळतं?"

"पाणी कळतं."

मी धुसफुसत घरी जायची आणि मुकाट्यानं ते पान परत लिहायची. कारण मेल्याचं बरोबर असायचं.

स्टेन्वर म्हणून आमच्या शाळेच्या जुन्या बाई आहेत, त्याही कुंडातल्याच; मला शिकवलंय, म्हणून त्यांना तेवढं अहोजाहो. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं, झोपल्या. आणि मग एकदम, "पोरी, हिच्या माणसाची बहीण मागच्या आठवड्यात वारली होती ना? आज तीच कॉफी कशी पितेय?" झालं, पुन्हा लिहा.

पूर्ण झाल्यावर हस्तलिखित राजधानीतल्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. ते परत आलं, दोन ओळींची गोड चिठ्ठी लावून. मी कुंडात जाहीर केलं, "चुलीत घालते आता."

हाल्मुंदुर भडकला. "चुलीत घाल आणि आम्ही काय करायचं रोज सकाळी? एकमेकांची तोंडं बघायची? या स्टेन्वरचं तोंड मी चाळीस वर्षं बघतोय!"

"आणि मला काय हौस आहे तुझं बघायची!" स्टेन्वर म्हणाल्या.

त्या दिवशी हाल्मुंदुर टॉवेल गुंडाळून माझ्या खिडकीशी उभा राहिला, आणि मी दुसऱ्या प्रकाशकाचा पत्ता पाकिटावर लिहीपर्यंत हलला नाही. खाली पाण्याचं तळं झालं होतं. दुसऱ्यानं कादंबरी घेतली. आज जे काही आहे ते त्या तळ्यातनं आलंय, हे मी कुणालाही सांगेन.

पण छापायला जाण्याआधी मी एक केलं. शेवट बदलला. कुंडात सांगितलेल्या शेवटात बोगदा जुळतो, धूळ खाली बसते आणि दोघं भेटतात. सगळ्यांनी पाण्यात टाळ्या वाजवल्या होत्या, माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. पण एकटी बसून वाचलं आणि मला ती स्वयंपाकीण खोटी वाटायला लागली. मग मी लिहिलं की बोगदा जुळतो, पलीकडून तिचा माणूस येताना दिसतो, आणि ती भांडी घासून पालथी घालते आणि अलीकडच्या पहिल्या गाडीनं निघून जाते. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच वाटलं.

हे माझ्या तोंडून कुंडात निसटलं, तेव्हा पुस्तक दुकानात यायला थोडेच दिवस होते.

हाल्मुंदुर लालबुंद झाला. "आम्हाला न विचारता?"

"पुस्तक माझं आहे!"

"मग ठेव तुझं तुझ्याकडे. तू शेवट बदललास ना? मी पुस्तक बदलेन. शब्द आहे माझा."

आमच्याकडे सगळी पुस्तकं नाताळातच निघतात आणि नाताळात सगळे एकमेकांना पुस्तकंच देतात. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर दुकानाची चिकटपट्टी असते: बदलून मिळेल. सण संपला की नको असलेलं पुस्तक दुकानात न्यायचं आणि दुसरं घ्यायचं. लेखकाला आपली लायकी तिथं कळते, वर्तमानपत्रात नाही.

मी वरवर हसले, पण मनात पक्कं ठरवलं की हाल्मुंदुरनं पुस्तक परत केलं तर संपलं. ज्यानं लिहून घेतलं त्यालाच पटत नसेल, तर कुणासाठी खरडायचं?

नाताळच्या रात्री सगळं गाव अंथरुणात चॉकलेट खात वाचत होतं आणि मी छताकडे बघत होते. तलाव पुन्हा उघडला तेव्हा सर्दीचं सोंग काढून रजा टाकली. केतिल म्हणाला, "अगं, तुला साधी शिंकसुद्धा येत नाहीये." मी म्हटलं, येईल.

आणि मग पुस्तकाच्या दुकानातून बोथिल्दुरचा फोन आला. दुकान तिचंच. "व्येदीस, तुझ्या पुस्तकांचा ढीग लागलाय इथं. मला उभं राहायला जागा नाही. ये आणि बघ."

जाऊच नये असं वाटलं. तरी गेले. खरंच ढीग होता. काउंटरवर, खुर्चीवर, खिडकीत, सगळीकडे माझा बोगदा.

"अशी काय पांढरीफटक पडलीस?" बोथिल्दुर म्हणाली. "अगं, प्रत्येकानं प्रत्येकाला तुझंच पुस्तक दिलं! घरटी चार-चार प्रती झाल्या. एक ठेवतात आणि बाकीच्या आणून माझ्या डोक्यावर घालतात. पाद्रीणबाईंना सात मिळाली!"

मला हसू आलं आणि रडूही. सगळं गाव, बाई, सगळं गाव! पण माझे डोळे त्या ढिगात एकाच माणसाची प्रत शोधत होते.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि हाल्मुंदुरच आत आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोटाच्या आतून पुस्तक काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"बदलून दे," तो म्हणाला.

बोथिल्दुरनं पुस्तक हातात घेतलं आणि ती बघतच राहिली. पुस्तक आंबलेल्या पिठासारखं फुगलं होतं. पानं लाटालाटांची, कव्हर सुटलेलं, आणि वास आमच्या कुंडाचा, गंधकाचा.

"अरे, हे काय केलंस? हे नाही बदलून मिळत. भिजलेलं आहे."

"नाही मिळत?"

"मुळीच नाही."

"बरं." आता तो माझ्याकडे वळला. "ऐकलंस ना? मी शब्द पाळला. हीच घेत नाही."

तो पुढे बोलला. "तू आली नाहीस. मग सांगणार कोण? आम्हीच आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं. स्टेन्वरनं दोनदा पाण्यात पाडलं. तिचं पुस्तक तर याहून वाईट आहे."

"आणि शेवट?" मी कसंबसं विचारलं.

तो चिकटलेली पानं सोडवत बसला. "भांडी पालथी घालते ना, तिथं स्टेन्वर वाचायची थांबली. मग मी वाचलं." घसा खाकरला. "गेली ते बरं केलं. तो माणूस तिच्या लायकीचा नव्हताच. मी आधीपासून सांगत होतो, प्रेम कमी कर."

मी तिथंच त्याच्या ओल्या कोटाला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. म्हटलं, "हाल्मुंदुर, तुम्ही सगळे नसता तर मी एक ओळ लिहिली नसती रे." आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. तो लाकडासारखा उभा राहिला आणि माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, मासा ताजा आहे का बघतात तशा.

"पुरे. सही कर," तो म्हणाला.

बोथिल्दुरनं पेन दिलं. पान अजून दमट होतं. मी नाव लिहिलं आणि शाई पसरत गेली, पार निळा डाग झाला.

"अरेरे, थांब, दुसऱ्या प्रतीवर करते," मी म्हटलं.

"राहू दे," त्यानं पुस्तक कोटात घातलं. "आता तर कुणीच बदलून घेणार नाही."