दिवसाचा दर

मी यवतच्या एस.टी.डी. बूथमधला फोन बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं, आज माझं ऐका. आणि गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी माझ्यावरचा आळ. "दिवसा हा फोन पैसे खातो," असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. मी काय खाणार? गावातून बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्या. दिवसा सगळेच एकदम बोलायला लागले की त्या तुंबायच्या. म्हणून वरच्यांनी दिवसाचा दर चढा ठेवला आणि संध्याकाळनंतर निम्मा. ज्याला थांबता येईल त्याने थांबावं, हा त्यामागचा विचार.

पण थांबायचं कोण? गुळाचे व्यापारी भिमाजीशेठ भर दुपारी मला कानाला लावून भाव विचारायचे, मग व्याह्यांची तब्येत, मग आज जेवायला काय केलंय तेही! ते कधीच थांबले नाहीत. थांबायची खुटबावची भामाबाई. तिची लेक सारिका जतला दिलेली. दिवसभर खुरपून, निम्मा दर सुरू झाला की ती यायची.

"कशी हायेस गं?"

"बरी हाय, आये."

संपलं. वर्षभर हेच. पलीकडे सारिकाचा आवंढा मला ऐकू यायचा, तिच्याजवळ बसलेल्या सासूचं खाकरणंही. पोरगी बरी नव्हती. मला ते सांगता येत नव्हतं, याचा संताप अजून जात नाही.

एकदा भामाबाई भर दुपारी आली. भिमाजीशेठ मला सोडेनात. वर हसून म्हणाले, "मावशी, आत्ता कशाला? सांजच्याला या की, निम्म्यात होतंय."

"सांजच्याला तिची सासू फोनपाशी बसती," भामाबाई म्हणाली. "दुपारची ती रानात असती, आज कळलं मला. द्या हिकडं."

बूथवाल्या गेणबाने शेठच्या हातातून रिसीव्हर काढूनच घेतला. लाइन लागेना. सगळ्या भरलेल्या, असल्याच शेठ लोकांनी! कितीतरी वेळाने लागली.

"आये, मला न्यायला ये," सारिका म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

भामाबाईने मीटरकडे पाहिलंही नाही. तशीच एस.टी. धरायला पळाली, आणि लेकीला घेऊनच परतली.

पुढे मोबाइल आले, बूथ बंद पडला. आता हायवेवरच्या एका ढाब्यात मला शोभेला ठेवलंय, वायर कापून. पोरंपोरी मला कानाला लावून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय भारी दिवस होते ना!"

फोटो खुशाल काढा. पण हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. त्या भारी दिवसांत एका आईला लेकीचं खरं ऐकायला वर्ष लागलं, कारण खरं फक्त दुपारी बोलता येत होतं आणि दुपार महाग होती.