हरलेल्याची भांडी

सुट्टीच्या दुपारी जेवणं आटोपली की सुताराच्या घरी बापलेकीचा माकडांचा डाव रंगायचा. माकडाच्या जातीचं नाव घ्यायचं, पण नुसत्या नावावर भागत नसे, ते कुठून आलं तेही सांगावं लागे. कापुचिन म्हटलं की टोपीवाले तपकिरी झगे घातलेले साधू आलेच पाहिजेत. अडला तो हरला, आणि हरलेल्याने भांडी घासायची. घरात कायदा असा हा एकच, बाकी सगळा आनंद.

करवतीच्या यंत्राने सुताराचा उजवा अंगठा नेला, तेव्हापासून मात्र लेक दर डावात हरत होती. मायलेकी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत. आता कोणाला अंगठा दाखवायचीही सोय उरली नाही, असं तो हसून सांगे, पण आतून जाम वैतागला होता. कारखान्यात रंध्यावर हात पुन्हा बसू लागला होता आणि घरात त्याला चमचा विसळायची बंदी.

त्या दुपारीही लांब शेपटीचा लंगूर झाला, ग्रीक पुराणातल्या राजाचं नाव उगाच चिकटलेला ऱ्हीसस झाला, आणि लेकीने मान खाली घालून हार मानली.

सुताराचं डोकं फिरलं. एक नाव त्यानेच तिला लहानपणी शिकवलं होतं.

"कोलोबस कुठे गेला?"

"बाबा, राहू द्या ना."

"का म्हणतात त्याला कोलोबस?"

आईने डोळे वटारले, पण सुतार हटेना. शेवटी लेक पुटपुटली, "ग्रीक शब्द आहे. तुटका, अपुरा. त्याला अंगठा नसतो म्हणून." तिचे डोळे भरून आले.

"बरोबर. आता पाळी माझी." सुताराने डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं. खरोखरच काही आठवेना. हरलो म्हणाला आणि लग्नाला निघाल्यासारखा थाटात उठला.

पहिला कप चकचकीत निघाला. दुसरा चार बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला. मायलेकी धावत आल्या आणि दाराशीच थबकल्या. सुतार मान वर करेना.

"फोडलात?" बायको म्हणाली. "अहो, अंगठा होता तेव्हा तरी कुठे धड घासत होतात?"

त्याला हसू आवरेना. तुकडे गोळा करायला लेक पुढे झाली, तशी आईने तिला मागे ओढलं आणि झाडू नवऱ्याच्या हातात दिला.