हलका एक्सल

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागं नाथाजींचं गॅरेज होतं. चोवीस वर्षं लष्करात ट्रक दुरुस्त करून ते घरी आले आणि एक जुनी फोर बाय फोर पिकअप घेऊन बसले. तिच्यावरच त्यांनी एकुलत्या एका मुलीला, शिवांजलीला, गाडी शिकवली. पुढं ती दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून गाडी काढायच्या शर्यतींत उतरू लागली. पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर ते नाथाजींनाच "शिवांजलीचे वडील तुमीच का?" म्हणून विचारू लागले. या ओळखीचं त्यांना लय अप्रूप होतं.

दिवाळीनंतरच्या शर्यतीत खडकावर आपटून पिकअपचा पुढचा एक्सल, म्हणजे चाकांचा आस, मोडला. आता दणकट एक्सल बसवायचा, असं ठरवून बापलेक सांगलीला ज्योतिबाकडं गेले. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा ज्योतिबा नाथाजींच्या ओळखीतला होता.

त्याच्या आवारात दोन एक्सल शेजारी शेजारी ठेवले होते. एक लिलावात निघालेल्या लष्करी ट्रकचा, मांडीएवढा जाड. नाथाजींनी त्याच्यावरनं हात फिरवला आणि त्यांचा निर्णय झाला. दुसरा नव्या पिकअपचा होता. मोडलेल्यापेक्षा मजबूत, पण त्या लष्करी धुडापुढं हलकाच. त्याच्याबरोबर पॉवर स्टेअरिंग मात्र मिळत होतं.

नाथाजींनी माप घ्यायला टेपचं टोक शिवांजलीच्या हातात दिलं. ते दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतःच एक्सलला अडकवलं.

"आप्पा, हलका घेऊया," ती म्हणाली.

नाथाजींनी तिला समजावलं, की हलका आणखी दोन शर्यती टिकंल, लष्करी एक्सल जन्मभर मोडायचा नाही. तिनं पुन्हा तेच सांगितलं. जड एक्सलनं स्टेअरिंग जड होईल, खडकाचा झटका सरळ मनगटात येईल. असले झटके नऊ वर्षं खाल्लेली पोरगी आज हे बोलते, याचा त्यांना राग आला.

"मनगटात दम न्हाई, तर शर्यतीला जायाचंच कशाला?"

ज्योतिबा उगाच दुसरीकडं बघू लागला. शिवांजली चिडली नाही. तिनं उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांसल उंचवटा असतो, तिथं खळगा पडला होता.

"दमच राह्यला न्हाई, आप्पा. मिरजंला डॉक्टरला दाखवलंय मी."

मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हातापायांना हलवणाऱ्या नसा वाळत चालल्या होत्या. आत्ता हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. थांबवणारं औषध नव्हतं. आईला महिन्यापूर्वीच कळलं होतं. मिरजेला लग्न आहे असं सांगून दोघी गेल्या होत्या, ते त्याच्यासाठीच.

"किती दिवस?" नाथाजींनी विचारलं.

"गाडी चालवायचं इचारताय, का जगायचं?"

नाथाजी ज्योतिबाकडं वळले आणि हलका एक्सल गाडीत चढवायला सांगितलं.

घरी पोचल्यावर बनुबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई, एवढंच त्या म्हणाल्या.

बारा दिवसांत एक्सल बसला. नाथाजींनी गिअरचा दांडा लांब केला, स्टेअरिंगला जाड कातडं गुंडाळलं, क्लच मऊ केला. महिनाभर शिवांजली रोज माळावर गाडी फिरवत होती. हसतही होती. त्या महिन्यात नाथाजींना डॉक्टर चुकलेत असंच वाटू लागलं होतं.

जतच्या माळावरची शर्यत फाल्गुनात होती. अर्धी वाट तिनं चांगली काढली. शेवटच्या चढाखाली गाडी थांबली. इंजिन चालू होतं, पण गाडी हलेना. नाथाजी दोरीबाहेर उभे होते. त्यांना काचेतून दिसलं, तिचा उजवा हात स्टेअरिंगवर होता, पण बोटं मिटत नव्हती. तिनं डाव्या हातानं उजवा उचलून पाहिला. मग त्यांच्याकडं बघितलं.

बाहेरच्या कुणी दोरी ओलांडली की गाडी बाद, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाथाजी दोरीखालून आत गेले. तिला उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं. ती केवढी हलकी झाली होती, हे त्यांना तेव्हा समजलं.

"चढ काढा, आप्पा," ती म्हणाली. "बाद तर बाद."

ती सांगत गेली, डावीकडं, जरा मागं, आता दाबा, आणि ते तसंच करत वर पोचले. टाळ्या वाजल्या. निकालात नाव नव्हतं.

साताऱ्याकडं परतताना ती सीटवर झोपी गेली. विट्याच्या पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि तिचा हात मांडीवरून घसरून खाली लोंबू लागला. तिची झोप मोडली नाही. नाथाजींनी गाडी कडेला घेतली, हात उचलून परत तिच्या मांडीवर ठेवला आणि धरून बसले. मागनं गाड्या हॉर्न देत जात राहिल्या.