उभ्या बायकांच्या दुकानातलं स्टूल

मी एक लोखंडी स्टूल. ऐकायला पाच मिनिटं असतील तर बसा. माझ्यावर नको हं, तिथे आधीच कुणीतरी बसलंय. त्याचीच ही हकीकत आहे.

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात मारुती वेल्डरनं उरल्यासुरल्या पाइपांतून मला जोडलं, निळा रंग फासला आणि मधुवंतीअक्काला देऊन टाकलं. धारवाडची ही अक्का म्हणजे एक अजब प्रकरण! सकाळी कविता, दुपारी पेपरला लेख, संध्याकाळी पथनाटक आणि मधल्या वेळात गोरगरिबांचे अर्ज. स्कूटरला मागे बांधून तिनं मला कुठं कुठं नेलं! नाटकात मी सिंहासन झालो, रेशनचं दुकान झालो, एकदा तर कोर्टातला पिंजरासुद्धा. भाषणाला ती माझ्यावर चढून उभी राहायची, पण टेकली कधी नाही. बाईला बसायला वेळच नव्हता.

एक दिवस तिच्याकडे रेश्मा आली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात मधुकरअण्णांचं साड्यांचं दुकान आहे, तिथे ती नऊ वर्षं साड्या दाखवते. सकाळी दहापासून दुकान बंद होईपर्यंत, उभ्यानं. कामावरच्या बायकांनी बसायचं नाही, असा नियमच. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या होऊन टरारल्या होत्या.

“डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. सोडलं तर घर कसं चालवू, अक्का? अण्णांना द्यायला चार ओळींचा अर्ज लिहून द्या.”

चार ओळींवर भागवेल ती अक्का कसली! तिनं अख्खं नाटक लिहिलं. वर तीन गाणी घातली.

नाटक दुकानासमोरच झालं. दमलेली बाई बसायला जाते आणि मालक मला तिच्याखालून ओढून घेतो, असा प्रवेश होता. शेवटी अक्कानं बसण्याच्या हक्कावर पाऊण तास भाषण केलं. लोक बिचारे तेवढा वेळ उभे! मधुकरअण्णांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “मालकाचं सोंग झकास वठलं. असली माणसं असतात हो जगात!”

“अण्णा, तो मालक तुम्हीच,” अक्का म्हणाली.

अण्णांचा चेहरा उतरला. “मी काय राक्षस आहे? पण गिऱ्हाईक आलं आणि बाई बसलेलीच, बरं दिसतं का ते?”

अक्कानं सरळ मला काउंटरमागे ठेवलं आणि निघून गेली. अण्णा मनानं वाईट नाहीत, मला बाहेर काढणं काही त्यांना जमलं नाही.

पण बसणार कधी? दसरा तोंडावर, गिऱ्हाइकांची रीघ. त्यातच खंडेनवमी आली. अण्णांनी कात्री पुजली, मीटरपट्टी पुजली, कॅल्क्युलेटर पुजला आणि मोठ्या मनानं मलाही कुंकू लावून झेंडूचा हार घातला. वर लक्ष्मीचा फोटो ठेवला. झालं! रेश्मा जवळ आली, हात जोडले आणि मागे सरली. “पुजलेल्यावर बसायचं कसं?” दोन आठवडे मी देव होऊन राहिलो आणि ती उभीच. शेवटी तिनं अण्णांना सांगून टाकलं, दिवाळी झाली की काम सोडते. अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी अक्का आली. दुकान खचाखच भरलेलं. आता भाषण होणार म्हणून मी पाय घट्ट रोवले. पण तिनं फोटो उचलून भिंतीवर लावला, सुकलेला हार काढला, पदरानं माझं कुंकू पुसलं आणि म्हणाली, “रेश्मा, साडी दाखव. पण बसून. तू बसेपर्यंत मी बघणार नाही.”

रेश्मानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी गिऱ्हाइकांकडे. तेवढ्यात इरकल नेसलेली एक म्हातारी गादीवरून ओरडली, “कुंद्र, यव्वा! बस की गं! तू बसलीस म्हणून साडीचा रंग जाणाराय का?”

रेश्मा आधी नुसती कडेला टेकली. मग पूर्ण बसली. डोळे मिटून तिनं लांब श्वास सोडला आणि मला भरून आलं. बसलेल्या माणसाचा भार कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं. अण्णा जरा घुटमळले, मग स्वतःच उठले आणि वरच्या फळीवरचा साड्यांचा गठ्ठा काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

अक्कानं साडी घेतली नाही, ते सोडा.

आता माझा रंग उडालाय. दुकानात बायका चार आणि मी एकटा. पाळ्या लावल्यात, तरी कुरबुरी चालतात. अजून दोन स्टुलं आणतो असं अण्णा म्हणताहेत, नुसतं म्हणताहेतच. रेश्मा कामावर आहे, पायांची सूजही उतरतेय. पण तिची एक खोड काही जात नाही. दारात गिऱ्हाईक दिसलं की ती दचकून उठते. तिला धरून ठेवायला मला हात नाहीत. तुम्हाला तोंड आहे ना? मग दुकानात आलात की एवढंच म्हणा, “बसा बाई, बसूनच दाखवा.”