पाहुण्यासाठी करंडी

"गांगुर्डे, तुम्ही कुणाला विचारून भारतात आलात?"

दिल्लीहून वरिष्ठ फोनवर इतक्या जोरात ओरडत होते, की नाशिकच्या ठाण्यात समोर बसलेल्या इन्स्पेक्टर देवराम कडलगांनाही शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"विचारलं असतं तर तुम्ही येऊ दिलं नसतं," भिकन गांगुर्डे म्हणाला. "मी गेल्याच आठवड्यात कळवलं होतं. तुम्ही ते दाबून ठेवलंत."

"आज संध्याकाळी करारावर सह्या आहेत. कुणा बाईच्या रडारडीवरून मंत्र्यांचा दौरा रद्द करू?"

"रद्द करू नका. फक्त रस्ता बदला."

"आणि पाहुण्यांना काय सांगू? आमच्या देशात तुमच्या जिवाला धोका आहे म्हणून? परत जा तुम्ही. बाकीचं नंतर बघतो."

फोन बंद झाला. भिकननं रिसीव्हर असा आदळला, की टेबलावरचा चहा सांडला.

पश्चिम आशियातल्या एका राजधानीत तो आपल्या वकिलातीत अधिकारी होता. तिथंच शिरीन नावाची शिक्षिका त्याला भेटायला आली होती. तिचा बाप तुरुंगात मारहाणीनं मेला होता, आणि ज्यानं मारायला लावलं तोच माणूस आता मंत्री होऊन भारतात येणार होता. तिचा भाऊ नादिर पुण्यात शिकलेला. सूड घ्यायला तो आधीच भारतात पोचला होता. लांबून, रेडिओसारख्या डबीचं बटण दाबून उडवता येईल असा बॉम्ब त्यानं बनवला होता.

"त्याला थांबवा," शिरीन म्हणाली होती, "पण आमच्या सरकारच्या हाती देऊ नका. ते त्याला सोडणार नाहीत." तिनं भावाचा फोटो दिला आणि भिकननं शब्द दिला.

म्हणून आज पहाटे मुंबईला उतरल्या उतरल्या तो टॅक्सीनं थेट नाशिक गाठून आला होता. मंत्री या वेळी ओझरला विमानांचा कारखाना बघत होते. तिथून ते आग्रा रोडनं नाशिकला येणार होते.

"साहेब, वरून हुकूम नाही, मला ताफा अडवता येणार नाही," देवराम उठत म्हणाले. "पण जीप माझी आहे. चला."

आडगावपाशी भिकननं जीप थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं रांगेनं उभी होती. हातात दोन देशांचे कागदी झेंडे, डोक्यावर ऊन. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. लहानपणी सायखेड्याला त्यालाही असंच उभं केलं होतं, कुणा पुढाऱ्यासाठी, तेही रांगेपासून वेगळं, पार टोकाला. कोण येतंय, कशासाठी येतंय, हे मुलांना कुणी सांगत नाही. फक्त उभं करतात.

"इथल्या बाई कोण?"

"मी. सगुणाबाई पगार, मुख्याध्यापिका." पांढऱ्या पातळातल्या बाई पुढे आल्या.

"बाई, मुलांना आत्ताच्या आत्ता शाळेत न्या. इथं बॉम्ब असू शकतो."

"अहो, पण वरून आदेश आहे. गाडी थांबणार आहे इथं. आमची मुलगी मंत्र्यांना द्राक्षं देणार आहे."

"द्राक्षं कुणी दिली?"

"एका व्यापाऱ्यानं. परदेशात माल पाठवतो म्हणाला. तो बघा, तिकडं उभा आहे."

रस्त्यापलीकडे, चिंचेखाली, एक तरुण खांद्याला झोळी लावून उभा होता. भिकननं फोटो काढून बघायचीही गरज नव्हती. शिरीनचेच डोळे.

रांगेच्या पुढे एक मुलगी दोन्ही हातांनी करंडी सावरत होती. भिकन तिच्यापाशी गेला आणि वाकला.

"दे मला, बाळ."

"लय जड हाय," ती म्हणाली. तिनं करंडी दिली आणि हात झटकले.

"बाई, पळवा मुलांना," भिकन दबक्या आवाजात म्हणाला. सगुणाबाईंनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे, एकदा करंडीकडे पाहिलं. मग आदेशबिदेश विसरून त्या ओरडल्या, "चला रे, पळा! झेंडे टाका, पळा!"

ओझरच्या बाजूनं सायरन ऐकू यायला लागला. नादिरचा हात झोळीत गेला. भिकन करंडी छातीशी धरून सरळ त्याच्याकडे चालू लागला. भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"तिथंच थांबा!" नादिर हिंदीत ओरडला.

"दाब बटण. मी मरेन, तूही मरशील. मला शिरीननं पाठवलंय."

बहिणीचं नाव ऐकून नादिर गोंधळला. "त्यानं माझ्या बापाचं काय केलं, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"तरी त्याला वाचवताय?"

"त्याला? तो खड्ड्यात जाऊ दे!" भिकनचा आवाज फाटला. "ही करंडी तू त्या पोरीच्या हातात दिलीस!"

"ती देऊन मागे पळाली असती. मी थांबणार होतो."

"किती लांब पळाली असती? सांग मला. कितीशी पळते ती?"

ताफा समोरून धूळ उडवत गेला. रिकामा रस्ता बघून मधली गाडी थांबलीच नाही. काचेआडून एक जाडजूड हात कुणालाच उद्देशून हलला. नादिर त्या हाताकडे बघत राहिला आणि मग मटकन खाली बसला. मागून आलेल्या देवरामांनी त्याची झोळी काढून घेतली. भिकननं करंडी नांगरलेल्या रानात नेऊन ठेवली.

दुपारी ठाण्यात पुन्हा दिल्लीचा फोन आला. वरिष्ठांचा आवाज आता गोड होता. "शाब्बास, गांगुर्डे. त्या पोराला मंत्र्यांच्या रक्षकांकडे द्या. त्यांच्याच विमानातून जाईल. बोभाटा नको."

"गुन्हा नाशिकात झालाय. खटला नाशिकातच चालेल."

"तुमची नोकरी जाईल."

"सकाळी मुलं मेली असती, तर तुमची गेली असती का?"

त्यानं फोन ठेवला. देवराम कपाळ चोळत होते. "साहेब, फिर्यादीशिवाय मी त्याला ठेवू कसा? आणि तुम्हाला तर ते गप्प बसवतील."

"फिर्याद मी देते," दारातून सगुणाबाई म्हणाल्या. त्या शाळा सोडून थेट आल्या होत्या, आणि त्यांच्या आवाजातही तोच संताप होता. "माझ्या शाळेतल्या मुलीच्या हातात दिलं होतं त्यानं. लिहून घ्या."

देवरामांनी लिहून घेतलं आणि कोर्ट उठायच्या आत नादिरला न्यायाधीशांपुढे उभं केलं. कोर्टानं त्याला कोठडीत ठेवलं. आता त्याला गुपचूप विमानात घालणं कुणालाच जमणार नव्हतं.

संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. उन्हानं मुलांना चक्कर आल्यामुळं आडगावचा सत्कार रद्द झाला, असं छापून आलं. भिकनला दिल्लीत बोलावून एका कोपऱ्यातल्या खोलीत बिनकामाचं बसवलं. काही महिन्यांत त्यानं राजीनामा दिला आणि नाशिकला परत आला.

नादिरला शिक्षा झाली. पुढच्या वर्षी शिरीन त्याला भेटायला नाशिकरोडच्या तुरुंगात आली. भिकन बाहेर थांबला होता. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"तुम्ही माझा भाऊ वाचवलात," ती म्हणाली. "आणि तो माणूसही. काल त्यानं आणखी सतरा जणांना फाशी दिली."

भिकननं मान खाली घातली नाही. "ऐकलं मी रेडिओवर," तो म्हणाला, आणि त्याच्या मुठी वळल्या. "त्यांची नावं माहीत आहेत तुम्हाला? मला सांगा. मी इथं त्यांच्याविषयी उघड बोलतो. आता मला गप्प बसवणारं कुणी नाही."

तुरुंगाच्या भिंतीलगतच्या बाकावर ती बसली आणि एकेक नाव सांगू लागली.