गढीखालच्या भिंती

खंदकाच्या काठावर अर्धं गाव लोटलं होतं. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. खंदकात वीतभर हिरवं पाणी उरलेलं, त्याला कुजकट वास येत होता. मधल्या बेटावर सातशे वर्षांपूर्वी जमीनदाराची गढी होती. तिथे जमिनीत गाडलेलं काठीने शोधणारा सायलस फिस्क डोळ्यांना रुमाल बांधून, हातात दुबेळकी काठी धरून चालला होता. काठी झुकली. खोदणाऱ्यांनी कुदळ मारली, तर गारगोट्यांचा पाया उघडा पडला.

"सातव्यांदा!" कुणीतरी ओरडलं.

"मातीआडचं दिसतं तसं कातडीआडचंही दिसतं मला," फिस्क गरजला. "सातशे वर्षांपूर्वीची गढीची मालकीण माझ्याशी बोलते. ती सांगते, खंदकाचं पाणी उकळून प्या आणि सुया फेकून द्या!"

नोरा गॅरडने तसंच केलं होतं. तिच्या अकरा वर्षांच्या टेसचं इन्सुलिन परवापासून बंद होतं. पोरगी घटाघटा पाणी पीत होती आणि तिच्या श्वासाला पिकल्या नासपतीसारखा वास येत होता.

"मालकिणीच्या बागेचा वास तो. गुण येतोय," फिस्कने सकाळीच सांगितलं होतं. नोराने चारचौघांत नुसती मान डोलावली होती.

उत्खननाच्या प्रमुख हेस्टर वाइल्डन पुढे आल्या. "फिस्क, ही भिंत सरळ त्या मातीच्या ढिगाखाली जाते. ढिगावरून चाला बघू."

फिस्क दोनदा गेला. काठी ढिम्म.

"आज मालकीण रुसलीय."

"का? मे महिन्यात आम्ही तिच्या अंगणात ढीग टाकला म्हणून?"

लोक हसले. नोराला हसू आलं नाही.

"नोरा, चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली कोण देतं?" हेस्टरनी विचारलं.

"सायलसच. रोज सकाळी."

"मग चल, मनोऱ्यावर जाऊ."

वरून नोराने खाली पाहिलं. करपल्या गवतात अख्खी गढी पिवळ्या रेघांनी आखलेली होती. खोल्या, दारं, सगळं.

"दगडावर माती पातळ असते, तिथलं गवत आधी वाळतं," हेस्टर म्हणाल्या. "हा रोज इथून बघतो आणि डोळे बांधले की खंदकावरच्या पुलापासून पावलं मोजतो. ढिगाखालचं गवत दिसत नाही, म्हणून काठी मुकी."

नोरा हेस्टरकडे वळली. "मग टेसच्या श्वासाचा नासपतीसारखा वास?"

हेस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या भावाला हाच आजार आहे. इन्सुलिन थांबलं की रक्तात विष साठतं, त्याचा वास तो. पळ, नोरा! मी रुग्णवाहिका बोलावते."

टेस इस्पितळात तीन दिवस बेशुद्ध होती. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, तेव्हा दारूच्या गुत्त्यात फिस्क सांगत होता, मालकिणीनेच वाचवलं.

रविवारी खंदकावर एक बाई बाटली भरत होती. नोराने तिचा हात धरला.

"तुला हे कसं कळलं, एवढंच मी फिस्कला विचारलं नाही. चारचौघांत विचारायची लाज वाटली मला. त्या लाजेपायी माझी पोर मरत होती. बाई, तू लाजू नकोस. आधी विचार, आणि औषध बंद करू नकोस."

बाईने बाटली उलटी केली.