सुईणमावशींचा विरोधक

हातपंप आला तो डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला, जणू थंडी वाजत असावी. बाळंतघरासमोर तो रोवला गेला. भोवती प्लास्टिक, त्यावर जाड पट्टा, पट्ट्यावर लाल सील. ज्या देशाने कधीकाळी इथे राज्य केलं होतं, त्यानेच तो भेट पाठवला होता. अट एकच: वस्तीने पंपाचा प्रमुख लोकशाहीने निवडायचा, मगच तिकडचे निरीक्षक साहेब सील तोडणार.

"त्यात निवडायचं काय? सुईणमावशी!"

वस्तीतला जो तो तिच्याच हातांवर पहिल्यांदा रडलेला. आणि पाण्याची तहान तिच्याइतकी कुणाला होती? लांबच्या विहिरीवरून बादली यायची ती सांडत, लवंडत. कळा काही तिच्यासाठी थांबत नसत.

सगळ्यांनी हात वर केले. परदेशी निरीक्षक साहेब हळहळले. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, विरोध दिसत नाही."

"नाहीच आहे तर दिसेल कुठून?"

"मग उभा करा. परवा पेटी घेऊन येतो."

शोधत शोधत वस्ती शिंप्याच्या दुकानात शिरली. शिंपी म्हणजे मावशींचा नवरा.

"तुम्हाला भांडायची सवय आहे, दादा."

"मी कुठे भांडतो? मी ऐकून घेतो."

शेवटी मावशींनीच त्याला भाषण शिकवलं. मशीन खडखडत होतं, टिपेमागून टीप पडत होती.

"अहो, असं पुळचट नको. म्हणा, ही बाई हट्टी आहे."

"ती तर आहेसच."

"बघा, जमतंय की!"

मतदानाच्या सकाळी शिंपी स्टुलावर चढला. "ही बाई हट्टी आहे. भरल्या ताटावरून उठून जाते. पहाटे परत येते तेव्हा हात बर्फासारखे गार. ते हात मी..." त्याने गळ्यातली कात्री उगाच चाचपली. "हिला मत देऊ नका!"

चौकातली माणसं डोळे पुसत रांगेला लागली. प्रत्येकाच्या मनात तेच: मावशी तर येणारच निवडून, या बिचाऱ्याला एखादं तरी मत पडू दे, बायकोपुढे लाज राहील.

पेटी उघडली. सगळी मतं शिंप्याला. मावशींना एकच.

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो कॉलरचा दोरा कुरतडत होता.

"साहेब म्हणतात, पुन्हा एकाच बाजूला! दबाव दिसतो. फेरनिवडणूक."

तेवढ्यात गर्दीतली एक गरोदर बाई मटकन खाली बसली. मावशींनी तिला उचलून आत नेलं आणि आतूनच ओरडल्या, "पाणी!"

विहीर लांब. शिंप्याने गळ्यात अडकवलेली कात्री काढली आणि कच्चकन पट्टा कापला. सील मातीत पडलं, मागोमाग प्लास्टिक.

"साहेब म्हणतात, हे लोकशाहीच्या विरुद्ध आहे!"

"निवडून दिलाय आम्ही त्याला!" वस्ती एका सुरात गरजली.

शिंपी दांड्यावर लोंबकळला. पंप खोकला, गुरगुरला आणि मग पाणी आलं, गार, धो धो, साहेबांच्या बुटांपर्यंत. बादल्या आत गेल्या. थोड्या वेळाने भिंती हादरतील असं बाळ रडलं, मुठी आवळून, जीव खाऊन.

साहेबांनी कान टवकारले.

"साहेब विचारतात, हा कुणाच्या विरोधात?"

"सगळ्यांच्याच," मावशी दारात येऊन म्हणाल्या. साहेब प्रथमच हसले. मावशींनी ओले हात नवऱ्याच्या पाठीला पुसले. "अहो प्रमुख, थांबलात का? मारा पंप!"